चार ओळी, एकच बियाणं, मग नांगे दोनच ओळींत का?

गेल्या अंकात हवेवर चालणाऱ्या, एकेक दाणा ठरावीक अंतरावर लावणाऱ्या टोकण यंत्राबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. मी इंजिनियर नाही. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात बचत गटातल्या बाया मिळून अवजार बँक चालवतो. अकरा वर्षांत आमची यंत्रं किती शेतांत फिरली याचा हिशोब वह्यांमध्ये आहे आणि कुठं काय बिघडलं तेही त्यातच लिहून ठेवलंय. त्या वह्या पुढ्यात घेऊनच ही उत्तरं लिहिते आहे. मृगाला थोडे दिवस उरलेत, म्हणून सगळ्यांत आधी ज्यांची पेरणी तोंडावर आहे त्यांची पत्रं घेतली.

ताई, नमस्कार. मागच्या वर्षी भावकीत मिळून चार ओळींचं न्यूमॅटिक टोकण यंत्र घेतलं. सोयाबीन 45 बाय 5 सेंटिमीटरवर लावलं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत वीत वीतभर नांगे, म्हणजे रिकाम्या जागा पडल्या, पहिल्या-तिसऱ्या ओळीत जागोजागी दोन-तीन दाणे एकत्र. यंत्र विकणारा म्हणतो बियाणं खराब, बियाणंवाला म्हणतो यंत्र खराब. एकरी 22 किलो बी टाकलं होतं. यंदा काय करावं? — एक शेतकरी, ता. औसा

दादा, तुमच्या भांडणाचा निकाल तुमच्याच पत्रात आहे. चारही डब्यांत एकाच पोत्यातलं बी होतं ना? मग बी खराब असतं तर नांगे चारही ओळींत सारखे पडले असते. ते दोनच ओळींत पडले, म्हणजे खोट त्या दोन डब्यांत आहे. ही गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा. बिघाड एखाददुसऱ्या ओळीत असेल तर तो त्या ओळीच्या डब्यात, पाइपात, प्लेटीत किंवा पॅकिंगमध्ये शोधायचा. सगळ्या ओळी बिघडल्या असतील तर ब्लोअर (हवा ओढणारा पंखा), पीटीओचे (तो पंखा फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्याचे) फेरे, ट्रॅक्टरचा वेग आणि मग बियाणं, या क्रमानं बघायचं.

आता आत काय चालतं ते सांगते. ब्लोअर हवा ओढतो. त्या ओढीनं प्लेटीच्या प्रत्येक भोकाला एकेक दाणा चिकटतो. प्लेट फिरत खाली आली की ओढ तुटते आणि दाणा फाळानं पाडलेल्या काकरात पडतो. भोकाला दोन दाणे चिकटले तर वरची खरवड पट्टी एकाला पाडते. माझी आई मोघ्यावर, म्हणजे मुठीनं बी सोडत पेरायची. पाभरीमागं चालताना तिच्या मुठीतून दाणे इतके सारखे सुटायचे की तिला शेजारच्या दोन गावांतून पेरणीला बोलावणं यायचं. बी बारीक असलं की ती मूठ आवळायची, बैल जोरात चालले की सैल करायची. ते सगळं काम आता हवेची ओढ, भोकाचं माप आणि ती पट्टी मिळून करतात. तिघींपैकी एकीचा जरी मेळ चुकला तरी नांगे पडतात, नाहीतर दाट उगवतं.

दुसऱ्या आणि चौथ्या डब्यात ओढ कमी पडते आहे असं मला वाटतं. प्लेटीमागचं पॅकिंग काढून हातात घ्या. ते कडक झालंय का, त्याला चर पडलीय का, ते बघा. हवेचा पाइप वाकवून पाहिला की न दिसणाऱ्या भेगा उघडतात. प्लेट सपाट जागी ठेवा. ती डुगडुगली तर वाकलेली आहे. पहिल्या-तिसऱ्या ओळीत जोडदाणे पडतात, म्हणजे तिथली पट्टी भोकापासून लांब राहिली आहे. ती जवळ आणा, पण फार जवळ आणली तर एकुलता दाणाही पाडेल. एकदम न सरकवता अर्धा-अर्धा आकडा सरकवा.

तरीही शंका राहिली तर आमच्या शेडमधली युक्ती करा. पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या प्लेटी अदलाबदल करा. नांगे प्लेटीबरोबर पहिल्या ओळीत आले तर दोष प्लेटीचा. दुसऱ्याच ओळीत राहिले तर दोष पॅकिंग, पाइप किंवा पट्टीचा. यात पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

ही तपासणी पाऊस पडायच्या आधी करा. घराजवळच्या कोरड्या रानात यंत्र न्या. माती झाकणारे भाग दोरीनं वर बांधा, म्हणजे बी काकरात उघडं दिसेल. नेहमीच्या वेगानं वीस-पंचवीस मीटर चालवा. मग मधले 5 मीटर टेपनं मोजून प्रत्येक ओळीतले दाणे मोजा. 5 सेंटिमीटरवर लावायचं असेल तर 5 मीटरमध्ये 100 दाणे हवेत. 95 ते 105 भरले तर ठीक. 80 भरले तर यंत्र नीट होईपर्यंत पेरणीला नेऊ नका. एका ओळीत मोजून बाकीच्या तशाच असतील असं धरून चालू नका. तुमच्याकडे मागच्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. यंत्र देणाऱ्यानं एक ओळ दाखवली आणि तो गेला.

मोजताना अंतर सगळ्याच ओळींत सारखं चुकलेलं दिसलं तर चक्री बदलावी लागते. जमिनीवरचं चाक चेननं प्लेट फिरवतं, त्यामुळे कुठल्या दात्यांची चक्री लावली त्यावर अंतर ठरतं. यंत्राच्या पेटीवर तक्ता असतो, पण तो चाक न घसरता फिरेल असं धरून केलेला असतो. ओल्या रानात चाकाला चिखल धरला की ते घसरतं आणि अंतर वाढतं. म्हणून कोरड्या रानात मोजलेलं असलं तरी पेरणीच्या दिवशी पहिल्या फेरीनंतर पुन्हा उकरून मोजा.

एकरी 22 किलोचं म्हणाल तर या यंत्राला किलो कळत नाहीत. 45 बाय 5 वर एकरात साधारण 1 लाख 80 हजार जागा येतात. तुमच्या वाणाच्या 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असेल तर साडेएकवीस किलो लागेल, 14 ग्रॅम असेल तर 25 किलो. सोनाराकडे 100 दाणे तोलून घ्या आणि त्यावरून हिशोब करा. ठोकळ दाण्याचं बी 22 किलोत बसवायला कोणी अंतर वाढवून दिलं असेल तर तुमचं रान विरळ होणारच.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मी गावोगाव बोलत असते. तिफणीनं दाट पेरलं की बियाण्याची कमी उगवण झाकली जाते. हे यंत्र एका जागी एकच दाणा ठेवतं, त्यामुळे न उगवलेला प्रत्येक दाणा म्हणजे उघडा नांगा. म्हणून 100 दाण्यांची उगवण तपासणी घरीच करा. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं मोजा. 70 च्या वर सशक्त कोंब आले तर पेरा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणीत ड्रमचे फेरे जास्त झाले किंवा पोती ट्रॉलीतून आपटली तरी दाण्याला आतून मार बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

सिल्लोडकडं आमची सगळी मका. एकाच कंपनीच्या दोन पिशव्यांत एकात चपटा दाणा, एकात गोल. प्लेट एकच वापरली. चपट्याला ठीक चाललं, गोल दाण्याला मधेमधे जागा सुटल्या. दोन्हीला वेगळी प्लेट लागते का? — एक वाचक, ता. सिल्लोड

कधी लागते, कधी नुसती ओढ आणि पट्टी बदलून भागतं. मक्याला साधारण साडेचार ते साडेपाच मिलिमीटर भोकाची प्लेट चालते. गोल दाणा चपट्यापेक्षा जड असेल तर तेवढ्याच ओढीवर तो धरून राहत नाही, वर जाता जाता सुटतो. त्यामुळे आधी ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा बघा. माझ्या यंत्रावर सोयाबीनला मी काटा 50 मिलिबारच्या आसपास ठेवते आणि मक्याला थोडा वर. तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेत असेल. ओढ वाढवूनही नांगे राहिले तरच मोठ्या भोकाची प्लेट लावा. पण फार मोठं भोक नको, नाहीतर दाणा त्यात रुतून बसतो आणि खाली सुटतच नाही.

दोन पिशव्या डब्यात एकत्र करू नका. चपटा दाणा संपला की डबा रिकामा करा, गोल भरा, पुन्हा 10 मीटर मोजा. 20 सेंटिमीटरवर लावता ना? मग 10 मीटरात 50 दाणे. मक्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. सोयाबीनला थोडा नांगा पडला तर शेजारचं झाड फांद्या पसरून काही जागा भरून काढतं. मका तसं करत नाही. एक दाणा चुकला की एक कणीस गेलं. जोडदाणा पडला तर दोन ताटं एकमेकांच्या तोंडचं खातात आणि एकाला कणीस धरतं, दुसरं वांझ राहतं.

औषध लावलेलं बी दमट असेल तर ते डब्यात चिकटतं. बीजप्रक्रिया केल्यावर सावलीत पूर्ण सुकवा, हातात घेऊन सोडल्यावर सळसळ खाली पडलं पाहिजे. सोयाबीनला जिवाणू खत गुळाच्या पाण्यात कालवून लावणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. आम्ही डब्यात चमचाभर शंखजिऱ्याची पूड मिसळतो, बी सरकतं राहतं.

मी ट्रॅक्टर चालवतो. मालक म्हणतो दिवसात 10 एकर झालंच पाहिजे, म्हणून तिसऱ्या गिअरला पळवावं लागतं. काळ्या रानात फाळाच्या नळ्या सारख्या तुंबतात. शेवटी बोलणी मलाच बसतात. — एक ट्रॅक्टरचालक, ता. कळमनुरी

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पेरणी बिघडली की पहिलं बोट चालकाकडं जातं आणि त्याला शिकवायला मात्र कोणी वेळ काढत नाही. मालकाला हा हिशोब दाखवा. चार ओळी 45 सेंटिमीटरवर म्हणजे पावणेदोन मीटरच्या वर पल्ला. ताशी 5 किलोमीटर वेगानं तासाला सव्वादोन एकराच्या जवळ रान होतं. वळणं, बी भरणं, खत भरणं, उकरून बघणं धरलं तरी दीड एकर सुटतं. 10 एकर सात तासांत होतात. पळवायची गरजच नाही.

वेग मोजायला गेजही नको. 50 मीटर पावलांनी नाही, टेपनं आखा आणि घड्याळ लावा. 36 सेकंद लागले तर वेग 5, आणि 45 सेकंद लागले तर 4. याच्या पुढं पळालात की दाणा प्लेटीवर धरायला वेळ मिळत नाही, आणि धरलेला दाणा काकरात पडून उड्या मारतो. वेग कमी करायचा तो खालच्या गिअरनं. ॲक्सिलरेटर कमी केला की पीटीओचे फेरे 540 च्या खाली येतात, ब्लोअर मंदावतो, ओढ जाते आणि तुम्ही हळू चालवूनही नांगे पडतात. हे फार जणांना माहीत नसतं. इंजिनाच्या कुठल्या फेऱ्यावर पीटीओ 540 देतो याची खूण मीटरवर असते, काटा तिथं धरून ठेवा. बांधाजवळ वळतानाही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडू नका. प्लेटीवरचे दाणे गळून पडतात आणि नव्या फेरीची सुरुवात रिकामी जाते. धुऱ्याकडचे नांगे बहुतेक त्यातूनच येतात.

आता तुंबण्याचं. यंत्र उभ्या जागी खाली टेकवलं की फाळाच्या नळीत खालून माती घुसते. ट्रॅक्टर हळू पुढं चालू असतानाच यंत्र खाली सोडा, आणि चालता चालताच उचला. फाळ जमिनीत असताना एक पाऊलसुद्धा मागं घेऊ नका. आमच्या वहीत नळी तुंबल्याची जितकी प्रकरणं आहेत त्यातली निम्मी यातली आहेत. बाकीची निम्मी वाफसा (पेरणीजोगी ओल) नसताना रान धरल्याची. मुठीत मातीचा गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. तो फुटला तर चला. चपटा होऊन बसला तर घरी जा, दोन दिवस थांबा. शेजाऱ्याची पेरणी झाली म्हणून आपल्या रानाची पेरणीची घात (योग्य वेळ) येत नसते.

खोलीसुद्धा चालकाच्या हातात असते. सोयाबीनचं बी 3 ते 4 सेंटिमीटरवर हवं, 5 च्या खाली गेलं आणि वरून जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला तर कोंब आतच मोडतो. यंत्र मागून बघा, आडवं समतल आहे का. एक बाजू खाली असेल तर त्या बाजूचं बी खोल जातं. टॉप लिंकनं (यंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्यानं) पुढचं-मागचं सारखं करा. दाबचाकाचा दाब कोरड्या भुसभुशीत रानात थोडा जास्त, ओलसर काळ्यात कमी. आणि दर दोन फेऱ्यांनी उतरून चारही ओळी हातभर उकरा, मोजपट्टी लावून खोली बघा. मालक ओरडला तर माझं नाव सांगा, हा अंक त्याच्या हातात द्या.

एक हात जोडून सांगणं आहे. पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हर तुटलं असेल तर त्या दिवशी यंत्र चालवू नका. गळ्यातला गमछा काढून ठेवा. ब्लोअर चालू असताना नळी मोकळी करायला वाकू नका. आमच्या भागात एका बाईचा पदर त्यात गेला होता, तिचा हात वाचला नाही.

माझा भाऊ कॅनडात सस्कॅचेवानमध्ये एका मोठ्या शेतावर कामाला आहे. तो व्हिडिओ पाठवतो, 60 फूट रुंद एअर सीडर, मागं भली मोठी टाकी. असं यंत्र आपल्याकडं आलं तर उत्पन्न वाढेल का? — एक वाचक, जि. परभणी

ताई, ते यंत्र आणि आपलं यंत्र यांत फक्त हवा सारखी आहे, तिचं काम वेगळं आहे. आपल्याकडे हवा दाणा ओढून धरते. तिकडे हवा दाणा ढकलत नेते. मधल्या टाकीखालचा रोलर बी मोजून सोडतो, पंख्याचा झोत ते जाड पाइपातून पुढं नेतो, मग वाटणीच्या मनोऱ्यातून बारीक पाइपांत शिरून ते प्रत्येक फाळापर्यंत पोहोचतं. एकेक दाणा मोजण्याची तिथं गरज नाही, कारण पिकं गहू, कॅनोला (मोहरीसारखं तेलबी), मसूर अशी दाट पेरायची आहेत. बर्फ वितळल्यावर मे महिन्याच्या थोड्या दिवसांत हजारो एकर पेरायचं असतं, त्यासाठी ती रुंदी. आपल्या दोन-तीन एकराच्या तुकड्यात ते वळणारसुद्धा नाही.

पण भावाला एक विचारा, पंख्याचे फेरे ते कसे ठरवतात. झोत कमी पडला तर पाइप तुंबतात. जास्त झाला तर मसुरीचा, वाटाण्याचा दाणा पाइपात आपटून फुटतो, किंवा काकरातून उडून बाहेर येतो. आपण बाजारातून आणतो त्या मसुरीतली काही त्याच मुलखातून आलेली असते, म्हणजे हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत येतो. पाइप तुंबला की सांगणारे सेन्सर तिकडे असतात, तरी जाणते शेतकरी ट्रॅक्टर थांबवून फाळामागं माती उकरून दाणा बघतात. भावाला मालकामागं वाकून बघायला सांगा. परत आला की त्याचे हात आपल्याकडे कामाला येतील.

खत आणि बी एकाच नळीतून सोडलं तर चालेल का? आमच्या यंत्राची खताची नळी मोडली आहे. — एक शेतकरी, ता. उमरखेड

नाही. खत बियाण्याच्या बाजूला 5 सेंटिमीटर आणि खाली 5 सेंटिमीटर पडलं पाहिजे. बियाण्याला टेकलं तर कोवळा कोंब जळतो, युरिया असेल तर फारच. नळी नवी बसवा. तोवर खत आधी पेरून घ्या.

पेरणी झाल्यावर यंत्र कसं ठेवायचं? — दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे

डब्यातलं उरलेलं बी त्याच संध्याकाळी काढा. खताचा डबा पाण्यानं धुऊन, वाळवून, आतून तेलाचा हात फिरवा. खत राहिलं तर पावसाळी हवेत पाणी धरतं आणि पत्रा वर्षात खातं. प्लेटी काढून सपाट टांगून ठेवा, उन्हात टाकू नका. चेन रॉकेलनं धुऊन तेल द्या. पट्ट्या सैल करून ठेवा.

आणि उंदीर. चार वर्षांपूर्वी मी माझ्याच तीन एकरात घाईनं यंत्र लावलं. वर्षभर शेडमध्ये होतं, वरवर पुसलं, मोजणी केली नाही. सहाव्या दिवशी रानात गेले तर दर चार ओळींत एक रिकामी. तिसऱ्या पाइपाला उंदरानं कुरतडून चवलीएवढं भोक पाडलं होतं. नांगे टोकायला आम्ही सात बाया दोन दिवस वाकून होतो, मागाहून टोकलेलं मागंच राहिलं, काढणीलाही हिरवं होतं. त्या वर्षापासून हंगाम संपला की सगळे पाइप काढून आम्ही त्यांच्या दोन्ही तोंडांना जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे घालतो, त्यांवर कडुलिंबाचं तेल शिंपडतो आणि पाइप आढ्याला टांगतो. मेच्या पहिल्या आठवड्यात बोळे काढून प्रत्येक पाइपात फुंकर मारायची आणि दुसऱ्या टोकाला तळहात धरायचा. हे काम आमच्याकडे गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशींचं आहे. तळहाताला वारा लागला की त्या नळीवर खडूनं टिंब करतात, नाही लागला तर फुली. यंदा दोन फुल्या निघाल्या, ते दोन्ही पाइप बदलले.